काचेतली सवत

तिसऱ्या दिवशी सकाळी बायाक्काने टोपली उचलली, तेव्हा दिव्यातलं तेल संपून वात करपली होती आणि भोवतीच्या पिठावर एक रेघ उमटली होती.

रेघ तरी केवढी, सुताच्या धाग्याएवढी. दिव्याच्या बुडापासून निघालेली, दोनदा वळलेली आणि टोपलीच्या काठाशी येऊन संपलेली. तिच्या दोन्ही अंगांना सुईच्या टोकानं टोचावेत तसे बारीक ठिपके होते. बायाक्काने टोपली भिंतीला लावताना तिचा काठ अंगठ्यानं घाईघाईनं पुसला आणि ती बाजूला झाली.

केदारी उंबऱ्यापाशी उभा होता. त्याची बायको अंबूबाई तापानं गेली ती याच जागी, त्याच्या विणायच्या मागाच्या खड्ड्यापासून चार हातांवर. केदारीची थोरली बहीण बायाक्का वडगावहून धावत आली होती. तिनंच मयत उचलल्यावर त्या जागेवर पीठ पसरलं, मधे दिवा ठेवला आणि वर टोपली झाकली. शहापुरातल्या केदारीच्या आळीत ही रीतच होती. गेलेला जीव पुढं कुठल्या जन्माला निघाला, ते जाताना पिठावर उमटवून जातो असं मानत. गाईचं खूर दिसलं की बायका हात जोडायच्या, पाखराचं पाऊल दिसलं की डोळे पुसायच्या.

"मुंगी म्हणावं, तर मुंगीला एवढा जोर कुटला?" एक म्हातारी म्हणाली.

शेजारची रुक्माबाई गुडघ्यांवर हात टेकून वाकली. या कामात तिचा शब्द मानत, कारण तिनं स्वतःच्या घरात हा दिवा तीनदा झाकलेला होता. शेवटचा गेल्या सालच्या पटकीच्या साथीत, थोरल्या लेकासाठी. आणि त्या वेळी पीठ कोरंच राहिलं होतं. तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या पिठात फार बारकाईनं बघायची.

"पंखाचं हाय," ती म्हणाली. "पर पाखरू न्हवं. चिलट."

बसलेल्या पाच-सात बायकांच्या माना एकदम खिडकीकडे वळल्या, आणि जशा वळल्या तशा खाली गेल्या. खिडकीत काचेची पेटी होती. रेघेचं टोकही तिकडंच होतं.

बायका गेल्यावर केदारी पेटीजवळ गेला. आत तीन रोपं होती, जमिनीला चिकटून पसरलेली, रुपयाएवढी गोल, तांबडी. त्यातल्या मधल्या रोपाचं एक पान मूठ आवळावी तसं आवळलेलं होतं. पानावरचे तांबडे केस सगळे आत वळले होते आणि त्यांच्या मधून दोन पंख वर आलेले दिसत होते. पंख अजून हलत होते.

काल ते पान उघडं होतं. हे त्याला शपथेवर सांगता आलं असतं.

*

पेटी कॅम्पातल्या एका डॉक्टरसाहेबाची. पहिल्या महायुद्धानंतर आलेला हा साहेब एकटा राहायचा, पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला कातळाचे माळ धुंडाळायचा आणि चिखलाचे बूट घेऊन परत यायचा. किडे धरायच्या जाळ्यांसाठी त्याला फार तलम कापड लागे. तसं कापड विणणारा शहापुरात केदारीच. शहापूर सांगलीच्या संस्थानात, कॅम्प इंग्रजांचा. आठवड्यातून एकदा केदारी कापडाची घडी काखेत मारून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चालत जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. साहेब त्याला पेटीपुढं बसवायचा आणि रोप मुंगी कसं खातं ते दाखवायचा. बाकीचे नोकर पाठ फिरवून थुंकत. केदारी बघत बसायचा. त्या पानावरच्या केसांच्या टोकाला दवासारखे थेंब होते, आणि खळ लावलेलं सूत उन्हात धरलं की जशी चमक मारतं तशी ती चमक होती. विणकराच्या डोळ्यांपुढून ती हलेना.

साहेब विलायतेला निघाला तेव्हा सामानाचा लिलाव झाला. पेटीला कुणी बोली लावली नाही. ती केदारीच्या डोक्यावर घरी आली. विहिरीचं पाणी चालणार नाही, पावसाचंच हवं. खत घालायचं नाही. ऊन आणि ओल दोन्ही पाहिजे. एवढं साहेबानं चार-चारदा बजावलं होतं. ऊन खिडकीत होतं. ओलीला तर विणकराच्या घरात तोटाच नसतो. सूत तुटू नये म्हणून मागाच्या खड्ड्यात पाणी शिंपडलेलं असतं, बारा महिने तिथली माती थंड असते. पन्हळीखाली माठ मांडून केदारीनं पावसाचं पाणी साठवलं आणि रोपं जगली. जुनी वाळायची, त्यांच्या धुळीएवढ्या बियांतून नवी उगवायची. सात वर्षं झाली.

अंबूबाईचं माहेर खानापूरच्या पलीकडचं. तिनं पेटी पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"हे व्हय? गुरं राखताना हे तुडवत हिंडत हुतो आमी. ह्याला डोक्यावरनं आणलासा?"

मग तिनं पेटीला सवत म्हणायला सुरुवात केली. ती रहाटावर सुताच्या कांड्या भरायची, तो विणायचा, आणि दुपारी तो एखादं चिलट चिमटीत धरून पेटीकडे गेला की तिचं तोंड सुरू व्हायचं.

"सवतीचं जेवण झालं? आता मला वाढू द्या."

"तिला दोन चिलटं पुरतात. तुला दोन भाकरी लागत्यात."

"असं का? मग मी मेल्यावर चिलट हून येतो बगा. ह्या तुमच्या सवतीवरच बसतो. मग बगू कुणाला राखतायसा."

"तू चिलट झालीस तर समद्या गल्लीला चावशील."

"गल्लीला कशाला? तुमास्नीच."

दोघंही हसली होती. मूलबाळ नसलेल्या घरात अशी थट्टाच दिवसभर पुरवून खावी लागते. केदारीनं ती नंतर कितीदा आठवली, पण हसण्याचा आवाज त्याला एकदाही आठवेना. नुसते शब्दच आठवत.

*

पान आठ दिवस मिटलेलं राहिलं. नवव्या दिवशी केस एकेक करून मागं सरले, पान उघडलं, आणि त्यावर फक्त दोन पंख उरले होते, कांद्याच्या पापुद्र्यासारखे. जीव आत गेला होता.

केदारीनं विचार केला तो साधा होता. अंबू चिलट झाली. मग बोलली होती तसंच केलं, सवतीवर येऊन बसली. त्यानं राखायला हवं होतं. तो उंबऱ्यावर उभा राहून बायकांचं ऐकत राहिला. आता ती त्या मधल्या रोपात आहे. दुसरीकडे कुठं जाईल? तेव्हा रोप मरता कामा नये.

पण रोपाला खायला घालायचं काय? त्यानं सवयीनं एक चिलट चिमटीत धरलं आणि पेटीपर्यंत नेलं, आणि त्याचा हात तिथंच राहिला. जर अंबू चिलट होऊन येते, तर हेही कुणाचं तरी कुणी असणार. कुणाची आई, कुणाचा बाप. कुठल्या तरी घरी टोपली उचलून बायकांनी अशीच रेघ पाहिली असेल. त्यानं चिमूट सोडली. मुंग्यांच्या बाबतीतही तेच. त्यानं पेटीवर कापड घट्ट बांधलं, आत काही शिरू नये म्हणून. महिन्याभरात रोपाचा तांबडा रंग उतरला. नवी पानं नखाएवढीसुद्धा होईनात.

माग बंदच होता. ताण्याच्या उभ्या धाग्यांत लुगडं अर्धं अडकलेलं, त्यावर धूळ. काठाचं सूत रंगवायचं म्हणून अंबूच्या आजारपणाआधी आणलेलं मिठाचं पोतं कोपऱ्यात होतं. रंग धरायला त्याला जाडं मीठ लागायचं. एके दिवशी बायाक्का ओरडली, "हातपाय हलीव रं, नुसता बसून वाळशील." म्हणून त्यानं पोत्याच्या तळातलं उरलंसुरलं मीठ, तपकिरी गाळासकट, मातीच्या कुंड्यात पाण्यात टाकलं आणि खिडकीखाली ठेवलं. सूत मात्र भिजवलंच नाही. मन लागेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं कुंड्यात पाहिलं. पाणी हलत होतं.

वारा नव्हता. तो खाली वाकला. पाण्यात केशरी रंगाचे हजारो कण होते, सुताच्या तुटक्या टोकांएवढे, आणि प्रत्येक कण झटके देत पोहत होता. सगळे कुंड्याच्या एकाच कडेला गोळा झाले होते, खिडकीच्या बाजूला. त्यानं कुंडा अर्धा फिरवला. क्षणभर गोंधळ झाला, आणि मग सगळा थवा पाण्यातून रांग करून परत उजेडाकडे आला. ती रांग दोनदा वळली.

केदारी भिंतीला टेकून खाली बसला.

पोतं घरात आल्याला चार महिने झाले होते. त्याआधी ते कुठल्या वखारीत किती दिवस होतं कुणास ठाऊक. कोरडं ठणठणीत मीठ. त्यात जगेल असं काय होतं? आणि तरी पाणी आणि ऊन मिळताच ते उठलं होतं. कुणी मेलं नव्हतं, कुणी जन्म घ्यायला निघालं नव्हतं, कुणाच्या घरी टोपली झाकली नव्हती. हे जीव कधीच कुणाचे नव्हते. नुसते धुळीत वाट बघत पडले होते.

रोपाला हेच चालेल, असं त्याला वाटलं, आणि वाटताच रडू आलं.

खारं पाणी त्या रोपांना विषासारखं, हे तो जाणून होता. साहेबाच्या जाळ्याचा वीतभर तुकडा घरात होता. त्यातून त्यानं कुंड्यातलं पाणी गाळलं, कापडावर राहिलेला केशरी डाग पावसाच्या पाण्यानं तीनदा धुतला आणि झाडूच्या हिराच्या टोकावर थोडासा घेऊन मधल्या रोपाच्या पानावर टेकवला. केस हलले. बघता बघता आत वळले. त्याला आपली बोटं कुणीतरी धरल्यासारखं झालं.

मग तो रोजचा उद्योगच होऊन बसला. एक कुंडा उठायला लागला की दुसरा लावायचा. पंधरा दिवसांत रोपं पुन्हा तांबडी झाली, थेंब चमकू लागले. केदारी रोपाशी हळूहळू बोलू लागला. आज कोण आलं, ज्वारी काय भावानं मिळाली, रुक्माबाईच्या शेळीला काय झालं. त्या जिवांना मात्र त्यानं नाव दिलं नाही. नाव दिलं असतं तर ते कुणीतरी झाले असते.

*

मीठ आणणारा भावकू मूळचा घाटाखालचा. जन्म गाडीवर घाट चढण्यात गेलेला, त्यामुळे बोली इथलीच झालेली. खासबागच्या बाजाराला त्याची गाडी लागली होती. केदारीनं जाऊन पोत्यांच्या तळाचा गाळ मागितला.

"वरचं पांढरं सोडून तळाची माती मागतोस?" भावकू म्हणाला. "लुगडी विणतोस का मडकी करतोस रं?"

"रंगाला लागतंय."

"बरं बाबा, ने. फुकट ने. पर पायदळी टाकू नको तेवढं. आमी त्याला पाय लावू देत न्हाय."

"मिठाला?"

"मिठाला न्हवं, गाळाला." भावकूनं पानाचा विडा एका गालातून दुसऱ्यात घेतला. "भरतीचं पानी मिठागरात घेत्यात न्हवं? ती खाडी. तिच्या वरल्या अंगाला आमचं मसण. समद्यांची रक्षा तितंच सोडत्यात, आज न्हवं, सात पिढ्या. पानी उडून जातंय, मीठ राहतंय, आनि तळात जे बसतंय ते..." तो हसला. "माझा बा हाय त्यात. म्हणून तर आळणी जेवत न्हाय मी. म्हणतो, बाला जरा तोंडी लागू दे."

भोवतीचे दोघे-तिघे हसले. केदारी हसला नाही. त्यानं हातातली गाळाची पुडी परत गाडीत ठेवली, दोन्ही हातांनी, जपून.

घरी आला तर खिडकीखाली कुंडा तसाच होता. केशरी थवा उजेडाला लागून उभा. तो जवळ गेला तशी त्याची सावली पाण्यावर पडली, आणि सगळे एकदम त्याच्याकडे वळले. हे याआधीही होत असेल. त्यानं कधी तसं पाहिलं नव्हतं.

किती दिवस तो त्यांना कापडावर घेऊन धूत होता? किती घरं, किती पिढ्या त्यानं हिराच्या टोकानं अंबूला भरवल्या होत्या? आणि अंबू खात होती.

पाणी फेकवेना, कारण फेकणार कुठं, गटारात? ठेववेना, कारण ते बघत होते. शेवटी त्यानं कुंड्यावर पाटी झाकली. त्या दिवसापासून त्यानं रोपाला काहीही दिलं नाही. रोपाशी बोलणंही थांबलं. पानांवरचे थेंब आटले. माठात पावसाचं पाणी वीतभर उरलं होतं आणि ज्येष्ठ अजून लांब होता.

*

बायाक्का आली तेव्हा केदारीच्या गालफडांची हाडं वर आलेली होती.

"जेवलास का?"

"मन न्हाय, आक्का."

"मनानं कोण जेवतंय? तोंडानं जेव." तिनं चूल पेटवली, भाकरी थापली आणि तो खाऊ लागेपर्यंत समोर बसून राहिली. मग म्हणाली, "आता सांग काय झालंय. खोटं सांगशील तर थोबाडीत मारीन, केस पांढरं झालं म्हणून सोडणार न्हाय."

त्यानं सगळं सांगितलं. रेघ, पान, पंख, कुंडा, भावकू. सांगताना तो पेटीकडे बघत नव्हता. बायाक्काही बघत नव्हती. ती स्वतःच्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे बघत होती.

"केदारी," ती म्हणाली, "ती रेघ अंबूची न्हवं."

"म्हंजे?"

"त्या दिशी घरात जोंधळ्याचं पीठ न्हवतं. मानसं मयत घिऊन गेलती, बायका दिवा झाक, दिवा झाक म्हणत हुत्या. म्या फळीवरनं खळीचा डबा काढला."

केदारीच्या हातातला घास थांबला. खळीचं पीठ म्हणजे सुताला लावायचं. ते कुणी खात नाही, म्हणून कुणी चाळतही नाही. अंबू अंथरुणाला लागल्यापासून डबा कुणी उघडला नव्हता.

"किडं झालतं त्यात," बायाक्का म्हणाली. "मला दिसलं न्हाय, डोळ्यांत पानी. सकाळी टोपली उचलली आनि बगितल्या बगितल्या कळलं. पिठातला किडा. टोपलीच्या काठाला चिकटून बसलाच हुता. म्या अंगठ्यानं चिरडला आनि गप झालो."

"आक्का!"

"मग काय सांगू? बायाक्कानं भावजयीच्या दिव्याला किडकं पीठ घातलं, म्हणून सांगू? वडगावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. रुक्मी चिलट म्हणाली, म्हटलं असंल, चिलट तर चिलट. तुला काय वाटंल हे ध्यानातच आलं न्हाय."

"आनि पानातलं चिलट?"

"गावात चिलटं काय कमी हाईत?"

केदारीच्या छातीवरचा धोंडा हलला, पण सरकून दुसऱ्या जागी बसला. अंबू रोपात नाही. बरं. मग ती कुठं आहे?

बायाक्काच म्हणाली, "परत झाकू. आता चांगलं पीठ करतो."

तिनं शेजारून पायलीभर जोंधळे आणून निवडले, जातं धुतलं, स्वतः दळलं. केदारीनं घडीतल्या नव्या तलम कापडाचा तुकडा फाडून त्यातून पीठ दोनदा गाळलं, धुळीएवढं बारीक. दिवस मावळायच्या आत त्याच जागी पीठ पसरलं, दिवा लावला, टोपली झाकली. दोघं बाहेर ओसरीवर निजली.

उजाडल्यावर बायाक्काने टोपली उचलली. दिवा अजून जळत होता. पीठ कोरं होतं, दुधावरच्या सायीसारखं. ना रेघ, ना ठिपका.

"कायच न्हाय," केदारी म्हणाला. "म्हंजे सुटली का ती?"

बायाक्का पाठीमागं न बघता उंबऱ्याकडे सरकली. "सुटली तरी जाताना पाऊल उमटतंय, केदारी. कोरं म्हंजे..." तिनं पदर तोंडाला लावला. "म्हंजे आजून निघाली न्हाय. पाच म्हैनं झालं. इथंच हाय."

ती त्या घरात पाणीही न पिता वडगावला गेली.

*

केदारीला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्याखाली आणखी काहीतरी होतं, पाच महिन्यांत प्रथमच आलेलं. त्यानं घर झाडलं. कुंड्यातलं पाणी टोपलीनं झाकून खाडी सापडेपर्यंत तसंच ठेवायचं ठरवलं. भावकूबरोबर एकदा घाट उतरून ते तिथं सोडायचं. माठातलं पाणी त्यानं बुडाशी ओंजळभर राखून पेटीत ओतलं आणि वर बांधलेलं कापड सोडलं. रोप आता नुसतं रोप होतं, त्याच्याशी भांडण नव्हतं. मग त्यानं ताण्यावरची धूळ फुंकली, नवी खळ शिजवून सुताला लावली, खड्ड्यात पाणी शिंपडलं आणि पाय मागाच्या पावडीवर ठेवले. धोटा इकडून तिकडं गेला. आवाज ऐकून शेजारी रुक्माबाईची शेळी ओरडली.

दुपारी त्याला कानाशी बारीक गुणगुण ऐकू आली.

एक चिलट. ते त्याच्या कपाळाभोवती फिरलं, नाकाच्या शेंड्यावर क्षणभर बसलं आणि उडालं. रहाटावर बसलं. तिथून कांड्यांच्या टोपलीवर, तिथून पाटावर, जिथं अंबू बसायची. केदारीचा धोटा हातातच राहिला. चिलट तिथून उठलं आणि सरळ खिडकीकडे निघालं.

"नको," तो म्हणाला.

पाणी मिळालेल्या पानांवर थेंब परत आले होते. बऱ्याच दिवसांचे भुकेले. चिलट मधल्या रोपावर उतरलं. एक पाय अडकला, मग दुसरा, आणि कडेचे केस सावकाश आत वळू लागले.

केदारी उठला. ते नुसतं चिलट आहे, हे त्याला माहीत होतं. आक्कानं सांगितलं होतं, गावात कमी नाहीत. पण अंबूनं विचारलं होतं ते एवढंच होतं, कुणाला राखतायसा. आणि मागच्या वेळी तो उंबऱ्यावर उभा राहिला होता. चिलट ओढलं तर पाय तुटणार. म्हणून त्यानं पेटीत हात घालून अख्खं रोप मुळासकट उपटलं, माठाच्या बुडाशी राहिलेल्या ओंजळभर पाण्यात बुडवलं आणि नखानं एकेक केस मागं सारला. चिलट त्याच्या बोटाच्या टोकावर आलं. पंख भिजून चिकटलेले. त्यानं श्वास रोखला. ते पाय घासत बसलं, पंख सुकले, आणि ते उडालं.

मग त्यानं उरलेली दोन रोपंही उपटली. सात वर्षांची सवत चुलीत गेली. ओली होती, तरी चरचरून पेटली.

चिलट दूर गेलं नव्हतं. ताण्याच्या एका धाग्यावर बसलं होतं, अंबू तुटलेला धागा जोडायला हात घालायची त्या अंगाला. केदारी पावडीवरचे पाय न हलवता खड्ड्यात बसला. धोटा टाकला तर धागा हलणार. तो बघत राहिला. नव्या खळीचा आंबूस वास घरभर होता. थोड्या वेळानं आणखी एक चिलट आलं. मग दोन. मग किती ते त्यानं मोजलं नाही.

माग थांबल्याचं रुक्माबाईच्या ध्यानात आलं. उन्हं कलली तरी आवाज नाही, म्हणून ती दारात आली.

"केदारीभावजी, येवढ्यात थांबला का वो माग? हात दुखला का?"

त्यानं बोट वर केलं. "हळू. बसल्यात."

"कोण बसलंय?"

रुक्माबाईनं पाहिलं. अर्ध्या लुगड्याच्या पुढं ताणलेल्या धाग्यांवर, एकाला लागून एक, चिलटं बसली होती. पंख न हलवता. सगळ्यांची तोंडं केदारीकडे.

"त्यातली एक आमची हाय," केदारी हलक्या आवाजात म्हणाला. "पीठ कोरं राहिलं हुतं, म्हणून इथंच हाय. बाकीची कुणाकुणाची असतील ती येऊन बगून जा म्हणावं गल्लीला. मी काय माग चालवणार न्हाय तवर."

रुक्माबाई हसणार होती. गल्लीत सांगायला गोष्टही चांगली होती. ती वळलीसुद्धा. मग थोरल्या लेकाचं कोरं पीठ आठवून थांबली. परत आली, उंबऱ्यावर हळूच टेकली, आणि डोळे बारीक करून ताण्यावरचं एकेक चिलट बघू लागली.